वाचकांचे प्रश्न : मुलांना शेती शिकवायची तरी कशी?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की आधुनिक शेती आणि अन्न कुठून येतं हे मुलांना शिकवताना तुमचं नेमकं कुठे अडतं, तर एवढी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही. शिक्षकांची जास्त, पालकांची थोडी आणि काही खुद्द विद्यार्थ्यांची, आणि खरं सांगू का, सगळ्यात भारी प्रश्न त्या पोरांचेच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले कापलेत, रागावू नका.

प्रश्न : सर नमस्कार. मी सहावीला शिकवते. पुस्तकात आधुनिक शेतीवर एक धडा आहे, ट्रॅक्टर, ठिबक, ग्रीनहाउस यांचे फोटो आणि खाली व्याख्या. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात पण दूध कुठून येतं विचारलं की "पॅकेटमधून" म्हणून हसतात. माझ्याकडे दोन तास आहेत, जवळ शेत नाही, शाळेला बाग नाही. सुरुवात कुठून करू?

मॅडम, पहिलं म्हणजे ते फोटो जरा बाजूला ठेवा. ट्रॅक्टरचा फोटो बघून मुलांना ट्रॅक्टर कळतो, शेती नाही कळत. आणि पॅकेटवाल्या उत्तराचं वाईट वाटून घेऊ नका, ब्रिटिश न्यूट्रिशन फाउंडेशनने २०१३ मध्ये २७ हजारांहून जास्त मुलांना असेच प्रश्न विचारले होते तर प्रायमरीतल्या जवळपास एक तृतीयांश मुलांनी चीज झाडापासून मिळतं असं सांगितलं. ज्याने वस्तू फक्त दुकानात बघितलीये तो दुकानच सांगणार ना.

माझा सल्ला असा की एक वस्तू घ्या आणि तिथून उलटं चालत जा. एकच हं, अख्खं ताट नको, त्यात दोन तास कधी संपतील कळणार पण नाही. आणि प्रत्येक टप्प्यावर मुलांना फक्त एवढं विचारायचं : इथे कोणी काय ठरवलं, आणि तो निर्णय फसला असता तर काय झालं असतं? मला विचाराल तर आधुनिक शेती म्हणजे हेच आहे, मशीन नंतर येतात, आधी निर्णय येतात.

उदाहरण म्हणून केळं घ्या, कारण ते सगळ्यांना माहिती असतं आणि त्याची गोष्ट भन्नाट आहे. वर्गात एक पिवळं केळं आणा. हे पिवळं कोणी केलं? बहुतेक वेळा झाडाने नाही, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन नावाचा गॅस सोडून पिकवलेलं असतं, आणि हा गॅस फळं स्वतःसुद्धा पिकताना सोडतात त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याच्या आधी ते ट्रकमध्ये किंवा जहाजात होतं, साधारण १३-१४ अंश तापमानाला. का बरं एवढंच? त्याच्या बरंच खाली गेलं तर साल काळपट पडते आणि फळ नीट पिकतच नाही, वर गेलं तर वाटेतच पिकून बसतं आणि एक पिकलं की त्याच्या गॅसने शेजारचं पिकतं. त्याच्याही आधी कोणीतरी घड हिरवा असतानाच कापला, आणि प्रवास जितका लांबचा तितका लवकर कापावा लागतो म्हणजे बोटं (घडातलं एकेक केळं) पूर्ण भरायच्या आधीच. आता बघा, शेतात उभ्या असलेल्या माणसाला मार्केट किती दिवस लांब आहे त्याचा हिशोब करून कोयता चालवायचाय.

आणि मग खरी मजा. केळं आडवं कापा आणि बी शोधायला सांगा. बारीक काळे ठिपके दिसतील, ते बियांचे फक्त अवशेष आहेत, पेरले तर काही उगवत नाही. मग लागवड कशाची करतात? झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांची, नाहीतर लॅबमध्ये टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून, वाढवलेल्या रोपांची. म्हणजे एका जातीची सगळी झाडं जवळजवळ एकमेकांच्या कॉप्या. याचा फायदा काय, सगळी सारखी वाढतात, एकदम काढायला येतात, एका मापाच्या बॉक्समध्ये बसतात. तोटा काय, एकाला जो रोग लागला तो सगळ्यांना लागतो. ग्रोस मिशेल नावाची केळ्याची जात आधी जगाच्या बाजारात होती, पनामा रोगाच्या बुरशीने ती इतकी पोखरली की १९५०-६० च्या दशकात निर्यातदारांना तिचा नाद सोडून कॅव्हेंडिशकडे वळावं लागलं. आणि आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे लागलाय. मुलांना विचारा, तुम्ही असता तर काय लावलं असतं? वर्गात भांडणं होतात, होऊ द्या.

बघा, ट्रॅक्टरचं नाव न घेता लॅब, कोल्ड चेन, रोग, निर्यात सगळं येऊन गेलं. दुसऱ्या तासाला मुलांना त्यांची त्यांची वस्तू निवडू द्या, फक्त कोणी बिस्कीट निवडलं तर त्यातला एकच पदार्थ पकडून मागे जायला सांगा नाहीतर बारा पदार्थांचा गुंता होतो. आणि जमलं तर दोन हिरवी केळी आणा, एक कागदी पिशवीत पिकलेल्या सफरचंदाबरोबर बंद करून ठेवा आणि एक तसंच टेबलावर. थोड्याच दिवसांत फरक दिसतो, इथिलीनवर वेगळं लेक्चर द्यायला लागत नाही.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. आता ट्रॅक्टर ड्रायव्हरशिवाय चालतो, ड्रोन वरून बघून सांगतो कुठलं पीक आजारी आहे आणि औषध पण मारतो. मग शेतकऱ्याला काम काय उरलं? आणि ड्रोनला वरून कळतं कसं?

अरे वा, दुसरा प्रश्न जास्त आवडला मला, तो आधी घेतो.

पान हिरवं दिसतं कारण ते लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा त्यातल्या त्यात जास्त परत पाठवतं, हे तुला माहिती असेल. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, इन्फ्रारेड, त्यातला लाल रंगाच्या जवळचा जो भाग आहे तो निरोगी पान हिरव्यापेक्षाही कितीतरी जास्त परत फेकतं. पान आजारी पडलं, सुकलं की हा इन्फ्रारेड कमी येतो आणि लाल जास्त यायला लागतो. ड्रोनवरचा खास कॅमेरा हे दोन्ही मोजतो. मग गणित सोपंय : इन्फ्रारेडमधून लाल वजा कर, आणि त्याला दोघांच्या बेरजेने भाग. समज इन्फ्रारेड ५० टक्के परत आला आणि लाल ८ टक्के, तर ४२ भागिले ५८, म्हणजे ०.७२ च्या आसपास, पीक जोमात आहे. दुसऱ्या कोपऱ्यात इन्फ्रारेड ३० आणि लाल २०, तर १० भागिले ५०, म्हणजे ०.२, तिथे काहीतरी गडबड आहे किंवा पीक विरळ आहे. याला एनडीव्हीआय म्हणतात. आणि हे काही ड्रोनवाल्यांनी शोधलेलं नाही, लँडसॅट नावाचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये वर गेला तेव्हापासून हे गणित अवकाशातून होतंय, ड्रोनने फक्त ते जवळून आणि पाहिजे तेव्हा करता यायला लागलं.

ट्रॅक्टरचं म्हणशील तर तुझ्या मोबाइलमधला जीपीएस काही मीटर इकडेतिकडे असतो, तेवढी चूक शेतात चालणार नाही, म्हणून शेताजवळ एक स्थिर स्टेशन ठेवून चूक दुरुस्त करत राहतात आणि मग ट्रॅक्टर साधारण दोन सेंटिमीटरच्या अचूकतेने सरळ जातो. एवढं अचूक कशाला, तर पेरणीच्या एका ओळीवर दुसरी ओळ चढली की बी, खत, डिझेल सगळं दोनदा पडतं आणि मध्ये पट्टा सुटला तर तिथे तण माजतं.

आता शेतकऱ्याला काम काय. ड्रोनने सांगितलं की त्या कोपऱ्यात ०.२ आहे. का आहे? नत्र (नायट्रोजन) कमी पडलं, पाणी साचून मुळं गुदमरली, कीड लागली, की तिथे बी उगवलंच नव्हतं? हे ड्रोनला सांगता येईलच असं नाही, थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया आहे की टायफॉइड ते नाही दाखवत, तसं. मग कोणीतरी त्या कोपऱ्यात चालत जाऊन रोप उपटून मुळं बघतं, पान उलटं करून किडे शोधतं, माती मुठीत दाबून बघतं. त्यावरून ठरवतं की औषध मारायचं, चर काढायचा की काहीच करायचं नाही, कारण औषधाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त होणारे. काहीच न करायचा निर्णय घ्यायला सगळ्यात जास्त डोकं लागतं बरं का. काही कामं मशीन घेऊन जातात हे खरंच आहे, काढणीला जिथे पन्नास माणसं लागायची तिथे एक हार्वेस्टर येतो आणि त्या माणसांना दुसरीकडे काम शोधावं लागतं, ते पण लपवायचं कारण नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत सांगितलंय की रासायनिक खत म्हणजे विष आणि सेंद्रिय म्हणजे शुद्ध. घरी तिचे मामा म्हणतात खत नसतं तर निम्मं जग उपाशी असतं. मी कोणाचं खरं सांगू?

मामा बरेच बरोबर आहेत, पण शाळेच्या काळजीतही तथ्य आहे, फक्त तो शब्द चुकीचा आहे.

आधी एक गोंधळ सोडवा, खत आणि कीटकनाशक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पिकाला खायला घालतं, दुसरं किडीला मारतं. शाळेत दोन्हीला "केमिकल" म्हणून एकाच पोत्यात भरतात आणि तिथूनच सगळी गडबड सुरू होते.

खताचं बघू. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण पिकाला ते थेट घेता येत नाही, डाळवर्गातल्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू ते पकडून देतात आणि थोडंफार विजेच्या कडकडाटाने जमिनीत येतं. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला, आणि आज जगातल्या साधारण निम्म्या लोकांचं अन्न या पद्धतीने बनलेल्या नत्रावर उभं आहे असा अंदाज आहे. मुलगी मोठी असेल तर तिला हेही सांगा की याच हाबरने पहिल्या महायुद्धात विषारी क्लोरीन वायूच्या हल्ल्याचं काम बघितलं होतं. पोरांना अशी माणसं लक्षात राहतात.

आता पिकाच्या बाजूने बघा. मूळ काही विचारत नाही की हे नायट्रेट युरियातून आलं की शेणखतातून, दोन्हीकडून शेवटी तेच रेणू आत जातात. फरक मात्रेचा आणि वेगाचा. युरियात ४६ टक्के नत्र असतं, कंपोस्टमध्ये साधारण एक-दोन टक्के. म्हणजे १०० किलो युरिया जेवढं नत्र देतो तेवढं द्यायला दोन ते साडेचार टन कंपोस्ट लागेल, आणि तेवढं आणायचं कुठून आणि पसरायचं कोणी? पण कंपोस्ट जे देतं ते युरिया देत नाही, माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, त्यातले जिवाणू जगतात. म्हणून शहाणे लोक दोन्ही वापरतात, भांडण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं.

शाळेची काळजी कुठे खरी आहे ते पण सांगा. जास्तीचं नत्र पिकात जात नाही, ते पाण्याबरोबर वाहून जातं. अमेरिकेत मिसिसिपी नदी शेतांमधलं नत्र घेऊन समुद्राला मिळते आणि तिथे दर उन्हाळ्यात शेवाळ माजून, मग कुजून पाण्यातला ऑक्सिजन इतका कमी होतो की मासे पळून जातात किंवा मरतात. शिवाय काही नत्राचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो वातावरण तापवायला वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशेपटीहून जास्त ताकदीचा आहे. म्हणजे खत विष नाही, पण अंदाजाने ओतलं तर त्याचा त्रास तिसऱ्यालाच होतो.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असंही नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि त्यातलं तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. सेंद्रिय शेतीत उत्पादन सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी येतं, पीकाप्रमाणे खूप फरक पडतो. कीटकनाशकाबद्दल मुलीला एवढंच शिकवा की तीन गोष्टी विचारायच्या : कुठलं, किती, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी केली. हा कालावधी डब्याच्या लेबलवर लिहिलेला असतो आणि तो पाळला की नाही यावर खूप काही अवलंबून असतं.

प्रश्न : दादा, सात वर्षांच्या मुलाने विचारलं, गाईचं दूध आपण प्यायलो तर वासरू काय पितं? मी विषय बदलला. एवढ्या लहान मुलांना खरं किती सांगावं?

खरंच सांगा, फक्त वयाच्या मापाने. एवढा सरळ प्रश्न विचारणाऱ्याला उडवून लावलं तर तो पुढच्या वेळी विचारणारच नाही.

सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरे : गाय आपोआप दूध देत नाही, तिला आधी वासरू व्हावं लागतं, नऊ महिने ते पोटात असतं. व्यायल्यावर पहिले काही तास जे घट्ट पिवळसर दूध येतं तो चीक, तो वासराला पाजलाच पाहिजे, कारण गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून मिळते आणि जन्मानंतरचे पहिले काही तासच त्याचं आतडं ती नीट शोषू शकतं. मला हे निसर्गातलं सगळ्यात भारी टाइमटेबल वाटतं. त्यानंतर मोठ्या डेअरीत वासराला बहुतेक वेळा वेगळं ठेवतात आणि बाटलीने किंवा बादलीने दूध पाजतात, कधी दुधाऐवजी पावडरीचं मिश्रण. गाय साधारण दहा महिने दूध देते, मग दोन महिने आटवतात, तोवर पुढचं वासरू पोटात असतं.

बारा-तेरा वर्षांचा झाला की पुढचा प्रश्न तोच विचारेल, गोऱ्ह्यांचं काय होतं? तेव्हा तेही सांगा की डेअरीला नर नको असतात, बऱ्याच ठिकाणी ते मांसासाठी जातात किंवा वाऱ्यावर सोडले जातात, आणि म्हणूनच आता लिंग निवडलेलं वीर्य वापरून साधारण ९० टक्के कालवडीच जन्माला येतील असं करता येतं. दूध प्यायचं की नाही, मांस खायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या, तुमचं मत त्याला विचारू द्या. मात्र हिरव्या कुरणात हसणारी गाय दाखवणारी ती चित्रं वर्गातून काढा बुवा, मुलं मोठी झाल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

प्रश्न : शाळेत उत्साहाने बाग केली, सुट्टीत सगळी वाळली. आता मॅनेजमेंट म्हणतंय हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय पाण्यात रोपं वाढवायचं, किट घेऊ, पाणी आपोआप फिरतं. घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही पण बाग फसली म्हणून घेत असाल तर थांबा. सुट्टीत पंप बंद पडला किंवा लाइट गेली तर किटमधली रोपं बागेपेक्षा लवकर मरतात, कारण मुळांभोवती पाणी धरून ठेवायला मातीच नसते. किटमध्ये मुलं पोषणद्रव्यं, आम्लता वगैरे मोजायला मस्त शिकतात. फक्त त्यांना हे पण सांगा की यात पालेभाज्या, टोमॅटो, स्ट्रॉबेरी परवडतात, गहू-तांदूळ-मका नाही, आणि जगाचं पोट मुख्यतः त्या तिघांवर भरतं. नाहीतर मुलं समजतात की उद्या सगळी शेती बिल्डिंगमध्ये होणार.

बागेचं म्हणाल तर पेरायच्या आधी कॅलेंडर काढा. सुट्टीची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजा. मुळा महिन्याभरात हातात येतो, भुईमुगाला १०० ते १२० दिवस लागतात, तेवढे नसतील तर लावू नका. पण दिवस असतील तर भुईमूग नक्की लावा, एखाद्या जुन्या बादलीत, तळाला भोकं पाडून, भुसभुशीत माती भरून. पिवळं फूल वर येतं, कोमेजतं, आणि मग त्या फुलाच्या जागेवरून एक जांभळट टोकदार दांडी निघते आणि चक्क खाली वळून जमिनीत घुसते. याला आऱ्या सुटणं म्हणतात, आणि शेंग त्या टोकाला मातीच्या आत धरते. एका आऱ्याखाली मुद्दाम पुठ्ठा ठेवा म्हणजे तिला मातीत शिरता येणार नाही, आणि मुलांना बघू द्या की तिथे शेंग भरत नाही. शेंगदाणे मुळांना लागतात असं समजणारी मोठी माणसं मला रोज भेटतात.

बाग नसली तरी चालतं खरं तर. बियाण्याची उगवण चाचणी वर्गातच होते, १०० दाणे मोजून ओल्या कागदात किंवा कापडात ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने मोड आलेले मोजायचे. ७० उगवले तर १००० रोपांसाठी किती बी लागेल? साधारण १४३०. जुनं बी आणि नवं बी शेजारी ठेवा. शेतकरी पेरणीच्या आधी अगदी हेच करतो, कारण दुबार पेरणी म्हणजे बी, मजुरी आणि मोसमातले दिवस तिन्ही गेले. अजून एक, ठिबकचा ड्रिपर आणा, ज्यावर ताशी ४ लिटर लिहिलंय असा. हिशोबाने मिनिटाला ६७ मिली पाणी यायला पाहिजे. बादली टेबलावर ठेवून नळी जोडा आणि मोजा, बरंच कमी येईल. का? कारण तो आकडा पंपाच्या दाबाचा आहे, बादलीच्या उंचीचा नाही. आठवीचं दाबाचं प्रकरण तिथेच शिकवून टाका.

प्रश्न : सहल नेतोय शेतावर आणि एका पोल्ट्रीवर. मुलांना काय विचारायला सांगू? काय काळजी घेऊ?

पोल्ट्रीच्या आत नेण्याचा आग्रह धरू नका. बुटांना चिकटून रोग आत जातात म्हणून तिथे पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी ठेवतात, बाहेरच्यांना बंदी असते, आणि एका दिवसात दोन पोल्ट्र्या तर अजिबात नाही. मालक नाही म्हणाला तर तो उद्धट नाहीये, तोच धडा आहे. बर्ड फ्लूबद्दल तिथे गेटवरच बोला. जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि ज्या दिवशी फवारणी आहे त्या दिवशी शेतात जायचं नाही, आधी फोन करून विचारा.

प्रश्नांचं म्हणाल तर "तुम्हाला खूप कष्ट पडतात ना" हे विचारू देऊ नका, त्यावर कोणी काय बोलणार. त्यापेक्षा, या आठवड्यात तुम्ही काय काय ठरवलंत? बी घरचं की विकतचं, आणि का? कुठलं मशीन स्वतःचं आणि कुठलं भाड्याने? भाव कोण ठरवतं आणि तुम्हाला तो कधी कळतो? गेल्या वर्षी कुठली गोष्ट करून बघितलीत आणि सोडून दिलीत? या शेवटच्या प्रश्नावर शेतकरी खुलतो आणि मग थांबत नाही. आणि हो, त्यांचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे द्या, नुसतं फूल देऊन फोटो काढू नका.

झटपट

अंड्यात पिल्लू असतं का, आणि कोंबड्यांना हार्मोन देतात म्हणून त्या पटकन वाढतात का? (सातवीतला विद्यार्थी)

पहिल्याचं उत्तर, बाजारातल्या अंड्यात नसतं, कारण तिथे कोंबडाच नसतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास, त्यातले २० च्या आसपास फक्त कवचाला. कवच पांढरं की तपकिरी हे जातीवर ठरतं, ताकदीवर नाही. दुसऱ्याचं उत्तर, नाही, पाच-सहा आठवड्यांत वाढणारी ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळतात ती कोंबडी, ही पिढ्यानपिढ्या निवड करून केलेली जात आणि मोजूनमापून दिलेलं खाद्य याची कमाल आहे. अँटिबायोटिकचा अतिवापर हा मात्र खरा प्रश्न आहे, त्यावर प्रोजेक्ट कर.

शाळेत मुलं डब्यातलं अन्न टाकतात, ओरडून उपयोग होत नाही. (मुख्याध्यापिका)

ओरडू नका, वजन करा. आठवडाभर रोज टाकलेलं अन्न बादलीत जमवून काट्यावर ठेवा आणि आकडा फळ्यावर लिहा, नावं नकोत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरांमधून वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. मुलांना त्यांच्या बादलीचा एका दिवसाचा आकडा ३० दिवसांनी गुणायला सांगा, पुढचं ती स्वतःच बोलतात.

बिया नसलेलं कलिंगड जीएम असतं का? आणि बी नाही तर ते पेरतात काय? (नववीतली विद्यार्थिनी)

जीएम, म्हणजे लॅबमध्ये जनुकं बदललेलं, नाही गं. साध्या कलिंगडात गुणसूत्रांचे दोन संच असतात, ते रसायनाने दुप्पट करून चार संचांचं झाड बनवतात, मग चारवालं आणि दोनवालं यांचा संकर करतात की तीन संचांचं बी मिळतं. तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत म्हणून त्या झाडाच्या फळात बी धरत नाही. हे बी कंपनीला दर वर्षी नव्याने संकर करून बनवावं लागतं, त्यामुळे ते महाग असतं. आणि शेतात त्याच्या शेजारी साधं कलिंगडही लावावं लागतं, कारण तीनवाल्याचे परागकण कामाचे नसतात आणि बाहेरून परागकण आल्याशिवाय फळ धरत नाही, म्हणजे मधमाशा पाहिजेतच. फळात जे पांढरे मऊ दाणे दिसतात ते बियांचे रिकामे कवच, खाल्ले तरी चालतात.